गावातल्या पोल-डीपीवर ग्रामपंचायतीला कर लावता येतो का? आणि लावला तर तो भरणार कोण?

मलकापूर : ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी हा प्रश्न निघतोच. "आपल्या गावातून कंपनीच्या तारा जातात, चौकात डीपी आहे, रस्त्याच्या कडेला पोल आहेत. कंपनी आपल्याकडून दर महिन्याला बिल घेते, मग जागेचं भाडं का देत नाही?" प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो. टाळ्याही पडतात. पण ठरावावर सही करायच्या आधी कायदा काय म्हणतो आणि पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे पाहणं गरजेचं आहे. मलकापूर तालुक्यातल्या गावांसाठी ही माहिती एका जागी.

आधी शब्दांचा घोळ

"फ्रँचायझी" हा शब्द आपल्याकडे दोन-तीन अर्थांनी वापरतात. त्यातून गैरसमज होतात.

पहिला अर्थ, वीज वाटपाचा ठेका. महावितरण एखाद्या शहराचं वीज वाटप आणि बिल वसुली खासगी कंपनीकडे देते. भिवंडीत २००७ पासून असं आहे. शेजारच्या जळगाव शहरात २०११ मध्ये खासगी कंपनी आली आणि २०१५ मध्ये काम परत महावितरणकडे गेलं. नागपूरच्या काही भागातही हा प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये संपला. मालेगावात २०२० पासून खासगी कंपनी आहे. मलकापूर विभाग महावितरणच्या बुलडाणा मंडळात आणि अकोला परिमंडळात येतो, इथे वाटप महावितरणच करते.

दुसरा अर्थ, ग्रामपंचायतच महावितरणची फ्रँचायझी. ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायची योजना राज्याने आणली होती, ती याच प्रकारातली. गावातल्याच आयटीआय झालेल्या पोराने रीडिंग घ्यायचं, बिल वाटायचं, फ्यूज टाकायचा आणि कंपनीने त्याचा मोबदला ग्रामपंचायतीमार्फत द्यायचा. हा कामाचा मोबदला झाला, कर नाही.

तिसरा अर्थ बाहेरच्या देशातला. अमेरिकेत नगरपालिका वीज, गॅस, केबल कंपन्यांना सांगते की आमच्या रस्त्यावरून तुमची लाईन जाते, तर उत्पन्नातला काही टक्के आम्हाला द्या. याला तिकडे फ्रँचायझी फी म्हणतात. केबल टीव्हीसाठी ही फी कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर नेता येत नाही, अशी मर्यादा तिकडे १९८४ च्या कायद्याने घातली. पण कंपनी ही फी स्वतःच्या पदरून भरत नाही. ग्राहकाच्या बिलात वेगळी ओळ टाकून ती वसूल करते. म्हणून तिकडेही नगरपालिकेच्या सभेत भांडण होतं. एक बाजू म्हणते हे रस्त्याचं भाडं आहे, दुसरी म्हणते हा मागच्या दाराने लावलेला कर आहे.

आपल्या ग्रामसभेत होणारी चर्चा याच तिसऱ्या अर्थाची आहे.

कायदा काय सांगतो

ग्रामपंचायतीला मनाला येईल तो कर लावता येत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये कोणकोणते कर आणि फी लावता येते याची यादी आहे. इमारती व जमिनीवरचा कर म्हणजे आपली घरपट्टी, सामान्य आरोग्यरक्षण उपकर, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार व जत्रेवरची फी अशी ती यादी. आकारणी कशी करायची ते कर व फी नियम १९६० मध्ये आहे. त्यात ३१ डिसेंबर २०१५ रोजी मोठी दुरुस्ती झाली आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली.

या यादीत "पोलचं भाडं" किंवा "तारांची फी" असा कर नाही. म्हणून ग्रामपंचायती पोल, डीपी आणि उपकेंद्राला इमारत व जमीन धरून कर लावायला पाहतात. वाद सुरू होतो तो इथेच.

कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. कलम १२५ प्रमाणे ग्रामपंचायतीला कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. तालुक्यात दसरखेडला एमआयडीसी आहे, त्यामुळे तिथल्या आसपासच्या गावांनी हे कलम नीट समजून घ्यावं.

मलकापूर शहराचा कायदाही वेगळा आहे. नगर परिषदेला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. त्यामुळे शहरातल्या ठरावाचा दाखला गावात आणि गावातल्याचा शहरात चालत नाही.

वीज नेण्यासाठी रस्ता खोदायचा, पोल उभे करायचे, हा अधिकार कंपनीला वीज कायदा २००३ मधून मिळतो. कलम ६७ आणि ६८ त्यासाठी आहेत. पण त्याच कलम ६७ मध्ये हेही आहे की काम करताना कमीत कमी नुकसान करायचं आणि झालेलं नुकसान भरून द्यायचं. म्हणजे पोल उभा आहे म्हणून दरवर्षी भाडं मागायचा आधार या कलमात नाही, पण फोडलेला रस्ता आणि तोडलेली नाली दुरुस्त करून मागायचा पूर्ण हक्क आहे. बऱ्याच ग्रामपंचायती पहिलं मागत बसतात आणि दुसरं मागायचं विसरतात.

२०१८ चा निर्णय आणि २०२१ चं भांडण

डिसेंबर २०१८ मध्ये ग्रामविकास विभागाने निर्णय काढून वीज पारेषण आणि वितरणाच्या यंत्रणेला, म्हणजे पोल, तारा, रोहित्र यांना ग्रामपंचायतीच्या करातून वगळलं.

तरी वाद मिटला नाही. २०२१ च्या जून-जुलैमध्ये थकबाकीसाठी राज्यभर गावोगावचे पथदिवे तोडले गेले. पूर्वी पथदिव्यांच्या बिलासाठी शासन जिल्हा परिषदेमार्फत पैसे देत असे. आता बिल पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने भरावं असं सांगण्यात आलं. सरपंच मंडळी चिडली. पावसाळ्याचे दिवस, गावात अंधार, वर कोरोना. गावचा विकास निधी बिलात गेला तर कामं कशातून करायची, असा त्यांचा सवाल होता.

त्यातूनच उलटा सवाल आला, "आम्ही तुमचं बिल देतो, तुम्ही आमच्या जागेचा कर द्या." पश्चिम महाराष्ट्रात अनेक ग्रामपंचायतींनी पोल आणि डीपीवर कर लावायचे ठराव घेतले. महावितरणने २०१८ च्या निर्णयाकडे बोट दाखवलं.

वित्त आयोगाच्या पैशाचा हिशेब इथे समजून घ्यावा. पंधराव्या आयोगाच्या निधीत ६० टक्के भाग बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित, तो गावाच्या इतर गरजेसाठी. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल बंधित भागातून आणि पथदिव्याचं बिल अबंधित भागातून, असा हा मामला. ज्या गावात पथदिव्याची थकबाकी मोठी, त्या गावचा अबंधित पैसा रस्ता-नालीला उरतच नाही.

खरा प्रश्न : भरणार कोण?

समजा, उद्या शासनाने परवानगी दिली आणि ग्रामपंचायतीने पोलवर कर लावला. कंपनी तो भरेल का? भरेल. पण कोणाच्या पैशातून?

विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनीचा मान्य खर्च किती, तो पाहून दर निघतात. आणि दरपत्रकाच्या टिपांमध्ये एक वाक्य कायम असतं. त्याचा मतलब असा की दरात वीज शुल्क, वीज विक्री कर आणि शासनाचे किंवा सक्षम प्राधिकरणाचे इतर कर धरलेले नाहीत, ते ग्राहकाने वेगळे भरायचे.

म्हणजे रस्ते दोनच.

एक, हा कर कंपनीच्या एकूण खर्चात मिसळला जाईल आणि राज्यातल्या सगळ्या ग्राहकांवर वाटला जाईल. मग ज्या गावात पोल जास्त किंवा उपकेंद्र मोठं, त्या गावाला पैसा जास्त. आणि ज्या वस्तीत दहा पोल, तिने इतरांचा भार उचलायचा.

दोन, ज्या गावाने कर लावला त्याच गावाच्या बिलात तो वेगळा दाखवला जाईल. अमेरिकेतल्यासारखा.

दुसऱ्या रस्त्याचा हिशेब करून पाहू. हे आकडे फक्त समजण्यासाठी. गावात २०० पोल आहेत आणि ग्रामपंचायतीने पोलमागे वर्षाला ३०० रुपये लावले. झाले ६०,००० रुपये. गावात ४०० मीटर आहेत. मीटरमागे वर्षाला १५० रुपये आले. ग्रामपंचायतीच्या खात्यात ६०,००० आले हे खरं, पण ते गावातूनच गेले. कंपनी मधल्यामध्ये फक्त वसुलीदार झाली.

मग तोच पैसा घरपट्टीतून घेतला काय आणि बिलातून घेतला काय, फरक काय? फरक तीन ठिकाणी पडतो.

पहिला, घरपट्टी घराच्या किमतीवर असते. दोन मजली बंगल्याला जास्त, कुडाच्या घराला कमी. मीटरमागे सरसकट रक्कम लावली तर एका बल्बच्या घराला आणि दाल मिलला सारखीच पडते.

दुसरा, घरपट्टी थकली तर ग्रामपंचायत नोटीस देते, हप्ते पाडते, माणूस सरपंचाच्या दारात जाऊन बोलू शकतो. बिलात टाकलेला पैसा थकला तर लाईट कापली जाते.

तिसरा, घरपट्टीच्या पावतीवर ग्रामपंचायतीचं नाव असतं, म्हणून लोक जाब विचारतात. बिलात गेलेल्या पैशासाठी लोक वायरमनला शिव्या देतात आणि ठराव घेणारे बाजूला राहतात.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही

कर लावावा म्हणणाऱ्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. त्यांचे मुद्दे वजनदार आहेत.

आपल्या बिलावर वीज शुल्क नावाची ओळ असते. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के आहे. आकार ५०० रुपये झाला तर ८० रुपये शुल्क. दुकानदाराला त्याहून जास्त, २१ टक्के. हा पैसा महावितरणचाही नाही आणि ग्रामपंचायतीचाही नाही. २०१६ च्या महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियमाप्रमाणे तो राज्याच्या तिजोरीत जातो. गावातल्या प्रत्येक मीटरवरून दर महिन्याला शासनाला पैसा जातो आणि त्याच गावचा पथदिवा थकबाकीपायी बंद पडतो. सरपंचांचा राग येतो तो यातूनच.

दुसरा मुद्दा. गावठाणात डीपी बसली की आजूबाजूची जागा वापरता येत नाही. तार लोंबकळली, पोल वाकला तर धोका गावाला. रस्ता ग्रामपंचायतीने करायचा आणि केबलवाल्याने दुसऱ्या महिन्यात फोडायचा, हे तर सगळीकडेच चाललंय.

तिसरा मुद्दा, स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी-पाणीपट्टी पुरती वसूल होत नाही, म्हणून वरच्या निधीची वाट पाहत बसावं लागतं.

यावर विरोधातल्यांचा साधा प्रतिप्रश्न आहे. दिवाबत्ती कर कशासाठी आहे? तो प्रत्येक घराच्या पावतीवर असतोच, दिवा लागो की न लागो. एकाच दिव्यासाठी माणसाने पावतीवर एकदा आणि बिलावर परत एकदा का भरायचं?

मोबाईल टॉवरचं काय?

टॉवरचा नियम वेगळा आहे. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात निकाल दिला की मोबाईल टॉवर ही इमारत धरता येते आणि राज्याच्या कायद्यात तरतूद असेल तर त्यावर मालमत्ता कर लागतो. त्यामुळे ग्रामपंचायती टॉवरला कर लावत आल्या.

त्यानंतर दूरसंचार कायदा २०२३ आला. त्यातल्या जागेसंबंधीच्या तरतुदी जून २०२४ पासून लागू झाल्या. त्याप्रमाणे दूरसंचार जाळं हे ज्या मालमत्तेवर उभं आहे त्या मालमत्तेचा भाग धरायचं नाही, त्या मालमत्तेच्या कराच्या बाबतीतही नाही. शिवाय आपत्ती किंवा आणीबाणी सोडून, केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय असं जाळं सील करता किंवा बंद पाडता येत नाही. म्हणून थकबाकी आहे म्हणून टॉवरला कुलूप ठोकायच्या आधी ग्रामपंचायतीने गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घेतलेलं बरं.

व्हॉट्सॲपवरचं "कलम ५७" विसरा

"शेतात डीपी किंवा पोल असेल तर कलम ५७ प्रमाणे शेतकऱ्याला महिन्याला दोन ते पाच हजार भाडं मिळतं," हा मेसेज दरवर्षी फिरतो. हे खरं नाही. वीज कायद्याचं कलम ५७ हे सेवेच्या दर्जाबद्दल आहे. ठरलेल्या वेळेत कनेक्शन दिलं नाही, बिघाड दुरुस्त केला नाही, तर ग्राहकाला भरपाई मिळावी यासाठी ते आहे. पोलच्या भाड्याचा त्यात उल्लेख नाही. या मेसेजच्या नावाखाली कोणी फॉर्म भरून घ्यायचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

शेतकऱ्याला खरा मोबदला आहे तो उच्चदाबाच्या मोठ्या टॉवर लाईनसाठी. ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनसाठी केंद्राने २०१५ मध्ये टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के अशी सूचना दिली होती. जून २०२४ मध्ये ती वाढवून २०० टक्के आणि ३० टक्के केली. ही केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. प्रत्यक्ष रक्कम राज्याच्या आदेशाप्रमाणे ठरते, त्यासाठी उपविभागीय अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. आणि कोणतीही लाईन टाकताना पिकाचं नुकसान झालं तर लगेच पंचनामा मागावा. पीक निघून गेल्यावर पुरावा राहत नाही.

मग गावाने करायचं काय?

पोलवर कर लावायच्या आधी ग्रामपंचायतीला हाताशी असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

१. पथदिव्याचं मीटर तपासा. बऱ्याच गावांत पथदिव्याला मीटर नाही किंवा बंद आहे आणि बिल अंदाजे येतं. महावितरणचा माणूस आणि ग्रामपंचायतीचा माणूस मिळून संयुक्त तपासणी करा. किती दिवे, किती वॅटचे, किती तास चालू, याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

२. दिवसा जळणारे दिवे बंद करा. दुपारी बारा वाजता जळणाऱ्या दिव्याचं बिल गावच भरतं. टायमर आणि एलईडी लावले की युनिट कमी होतात.

३. रस्ता फोडायला परवानगी देताना अट घाला. केबल असो की पाईपलाईन, आधी लेखी अर्ज, दुरुस्तीची अनामत रक्कम, काम झाल्यावर पाहणी, मगच अनामत परत.

४. कंपनीच्या इमारती वेगळ्या काढा. करातून सूट यंत्रणेला आहे. गावात कार्यालय, गोदाम, निवासस्थानं असतील तर त्यांची नोंद नमुना ८ मध्ये आहे का ते पाहा. त्यावर कर बसतो का, हे विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.

५. दिवाबत्ती कराचा हिशेब वेगळा मांडा. वर्षाला किती जमा झाला आणि पथदिव्याचं बिल किती आलं, हे दोन आकडे फलकावर लिहा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

ग्रामसभेत हे विचारा

कर, फी, भाडं, नाव काहीही असो, असा विषय ग्रामसभेपुढे आला तर गावकऱ्यांनी हात वर करून चार गोष्टी विचाराव्यात.

हा कर कलम १२४ च्या यादीत कुठे बसतो?
कंपनीने तो आपल्या बिलात टाकला तर एका मीटरला किती पडेल?
सरसकट आहे की वापराप्रमाणे?
जमा झालेला पैसा कशावर खर्च होणार, आणि ते ठरावात लिहिलंय का?

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. नवीन कर लावायचा तर नुसता ठराव पुरत नाही. जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. हरकत तोंडी सांगू नका. साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. कराच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं. नमुना ८, नमुना ९ आणि ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकारी देत नसतील तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि घरी गेल्यावर एक काम करा. यावेळचं लाईट बिल पाठीपोट नीट वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. किती ओळी आहेत ते मोजा. यातली प्रत्येक ओळ कोणीतरी कुठेतरी बसून मंजूर केलेली आहे. आणखी एक ओळ वाढायची असेल तर ती निदान आपल्या गावच्या ग्रामसभेत, आपल्या डोळ्यासमोर ठरली पाहिजे.